साडूच्या गाण्यातलं प्रेत

माझ्या अकोल्याच्या साडूइतका गंभीर चेहऱ्यानं वेडेपणा करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. पोटापाण्यासाठी तो लग्नांचं शूटिंग करतो, पण जीव अडकलाय गाण्यांच्या व्हिडिओत, आणि त्यातही टीव्हीवरच्या पोलीस मालिकांची टिंगल करणाऱ्या गाण्यांत. जेवायला बसला तरी मालिकेतल्या साहेबासारखा भाजीकडे संशयानं बघतो, हळूच चष्मा काढतो आणि बायकोला म्हणतो, "यात मीठ नाई. म्हन्जे हे काम घरातल्याच मानसाचं हाये." मग मान तीनदा वळवतो, कारण मालिकेत एकच चेहरा तीन बाजूंनी दाखवतात.

या टिंगलीमागं त्याचा एक हेतू होता. आमचे सासरे, आम्हा जावयांचे मामाजी, तेल्हाऱ्याचे निवृत्त हवालदार. सासूबाई गेल्यापासून ते रोज संध्याकाळी त्याच मालिका लावून एकटे बसायचे. हसणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. "मामाजीले एकडाव तरी हासवाचं हाये मले," साडू म्हणायचा. त्यासाठी त्यानं गाणं रचलं, "साहेबानं चष्मा काढला, खुनी तिथंच रडला." मला त्यानं अमरावतीहून बोलावून घेतलं, तेव्हा साहेब मीच असणार हे मी गृहीतच धरलं. खाकी पँटला कडक इस्त्री केली, आरशासमोर चष्मा काढून काढून कान लाल केले. पोचल्यावर साडूनं माझं पोट नीट न्याहाळलं. "भाऊ, तुमी प्रेत. काई कराचं नाई, नुस्तं पडून राहाचं." तेवढंही मला जमलं नाही. ढोलकी वाजली की चादरीबाहेर राहिलेला माझ्या पायाचा अंगठा ताल धरायचा. साडूनं 'कट' म्हणायचं सोडून कॅमेरा अंगठ्यावरच नेला. गाणं मोबाईलवरून सगळीकडे फिरलं, आणि आता अमरावतीच्या भाजीबाजारात लोक आधी माझ्या पायांकडे बघतात आणि मगच ओळख देतात. इतकी वर्षं कॉलेजात मराठी शिकवून जे नाव झालं नाही, ते अंगठ्यानं केलं.

गाणं आम्ही मामाजींना दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. साडूचं तोंड एवढंसं झालं. मामाजींनी फोन परत दिला आणि म्हणाले, "यात मले कावून नाई घेतलं? मायी वर्दी हाये ना अजून."

पुढच्या गाण्यात साहेब अर्थातच मामाजी. वर्दी खांद्यांवरून घसरत होती, पण उभे राहिले ते ताठ. शूटिंग त्यांच्याच घरासमोर होतं, आणि मालिकेतल्यासारखं त्यांनी लाथ मारून दार उघडायचं होतं. मामाजी दारापाशी गेले, कडी वाजवली आणि थांबले.

"मामाजी, लात मारा ना!" साडू ओरडला.

"घाई कावून करता, जवाईबापू? तिले उठाले येळ लागते. गुडघे दुखतेत तिचे."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते आमच्याकडे वळले आणि स्वतःच्याच चुकीवर हसले. साडूला इतके दिवस हवं होतं ते हसू समोर होतं, पण आमच्यापैकी कुणाला ते बघवेना. साडूनं कॅमेरा खाली ठेवला, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेला आणि मामाजींसाठी आतून दार उघडलं.