एकेरी पेन्शन

रोज सकाळी ती नवऱ्याचा डावा हात मांडीवर घेते आणि कोपराच्या जरा वर दोन बोटं टेकवते. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिथे आत रक्तवाहिन्यांचा जोड केला आहे. जोड नीट चालू असेल तर कातडीखाली बारीक घरघर लागते, भिंतीपलीकडे कुणी शिवणाचं मशीन चालवत असावं तशी.

"आहे का टोन?" तो डोळे न उघडता विचारतो.

"आहे."

"म्हणजे आपली लाइन चालू. वरची एंगेज."

तो टेलिफोन खात्यात लाइनमन होता. निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली, खात्याने तांब्याच्या तारा उपटून भंगारात विकल्या, तरी इमारतीत त्याला अजून लाइनमनच म्हणतात. तिला म्हणतात काजवाली. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे घरी यायचे. ती काजं करून, बटणं लावून परत पाठवायची. मजुरी नगावर. तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर कधी चढलं नाही, त्यामुळे ते उतरवून तिला पेन्शन द्यायचा प्रश्नही कुणाला पडला नाही.

घरात पेन्शन एकच, त्याची. आणि तीही एकेरी.

हा शब्द खात्याचा. निवृत्त होताना माणसाला दोहोंपैकी एक निवडावं लागे. दुहेरी घेतली तर दरमहा हातात कमी पडे, पण तो गेल्यावर त्यातली निम्मी बायकोला मरेपर्यंत मिळे. एकेरी घेतली तर रक्कम भरघोस, पण तो आहे तोवरच. तो संपला की पेन्शन संपली. बहुतेक जण डोळे मिटून दुहेरी घेत. नवरा आधी जातो, हे सांगायला कारकून लागत नाही.

पण लाइनमन निवृत्त झाला त्याच वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी लाइनमनला खोलीबाहेर नेलं आणि दोन वर्षं सांगितली. दार पातळ होतं.

"एकेरी घ्या," घरी आल्यावर ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दोन वर्षांच्या पाहुणीसाठी जन्मभर पैसे कापून घेणार? माझ्यामागे तुमच्या हातात चार पैसे राहू देत. पोरीपुढे हात पसरायची वेळ नको."

"आणि नाही गेलीस तर?"

"तर बसेन तुमच्या जिवावर खात. आजवर तुम्ही तेच म्हणत आलात ना?"

तो काही दिवस फॉर्म खिशात घेऊन फिरला. मग जाऊन सही करून आला. ऑफिसातल्या जोडीदाराला कळलं तेव्हा तो म्हणाला, "काय रे, इतकी वर्षं संसार करून वहिनींना शेवटी एकेरीवर आणलंस?" हे लाइनमनने घरी येऊन सांगितलं आणि दोघं हसले. तिचे टाके दुखेपर्यंत हसले.

ती गेली नाही. गाठ परत आली नाही. दोन वर्षं सरली, पाच सरली, मोठे डॉक्टरच गेले. ती आपली ठणठणीत. शेजारीण म्हणे, तुम्हाला यम विसरला. ती म्हणे, त्याच्याकडे फाइल असेल, ती वर येत नसेल.

सुरुवातीची वर्षं खरंच बरी गेली. एकेरीच्या जादा पैशांतून फ्रिज आला, लेकीच्या बाळंतपणाला मदत झाली. मग हळूहळू गणित फिरलं. पेन्शन वाढत नव्हती असं नाही. पण भाडं दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढायचं आणि पेन्शन कठडा धरून मागून यायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच दर धुण्याला आटत होतं. आधी वर्तमानपत्र बंद झालं. मग तिने चष्म्याचा नंबर वाढू दिला आणि काच तीच ठेवली. मग फोन काढला. लाइनमनच्या घरात फोन नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

खात्याच्या वार्षिक मेळाव्यात पूर्वी निवृत्तांसाठी मागच्या दोन ओळी राखलेल्या असत. तो शेवटचा गेला तेव्हा सगळं सभागृह पांढऱ्या डोक्यांनी भरलं होतं आणि कामावरची माणसं पुढच्या दोन ओळींत मावली होती. व्यासपीठावरचा साहेब म्हणाला, माणसं जास्त जगू लागली आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. मग त्याने घसा खाकरला आणि या वर्षीची वाढ गोठवल्याचं सांगितलं. घरी येऊन लाइनमनने बायकोला विचारलं, "आनंद झाला का?"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला गाडी येते, चार-पाच म्हाताऱ्यांना गोळा करून नेते आणि दुपारी पिळलेल्या कपड्यांसारखं आणून सोडते. तो पहिल्यांदा गेला त्या दिवशी ती घरी एकटी बसली, तेव्हा तिला एकेरीवरची ती सही आठवली. विसरली नव्हतीच, पण इतकी वर्षं ती एक गंमत होती. पुढच्या खेपेला तो गाडीत बसल्यावर ती पेन्शन ऑफिसात गेली.

खिडकीमागे बसलेल्या कारकून बाईंनी केस रंगवले होते, पण मुळं पांढरी दिसत होती. त्यांनी नंबर टाकला.

"मावशी, पहिली पेन्शन जमा झाली की पर्याय बदलत नाही."

"तेव्हा मी मरणार होते हो."

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तसं इथे काही दिसत नाही."

"मग आता हे गेले तर मी काय करायचं?"

"निराधारांचा भत्ता आहे ना. अर्ज करायचा, मंजूर व्हायला वेळ लागतो." बाईंनी आकडा सांगितला.

"त्यात निम्मं भाडंसुद्धा निघत नाही."

"नाही निघत," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आईला तोच मिळतो. म्हणून तर मी अजून इथे बसलेय." मग मागच्या रांगेकडे नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "काकांना जपा. आणखी काय सांगू?"

तिने जपलं. दिवसभराचं पाणी ती सकाळी एका बाटलीत काढून ठेवी. त्यापलीकडे घोट नाही. मीठ कुलपात. शेजारणीने त्याला केळं दिलं तर ती ते त्याच्या हातातून काढून घेई, कारण केळ्यातलं काहीतरी हृदयाला मारतं असं नर्सने सांगितलं होतं. लोक म्हणत, नवऱ्याची सेवा करावी तर काजवालीने. तो ठसकला की ती हातातलं टाकून धावे. त्या धावण्यात नवरा किती आणि भाडं किती, हे तिला वेगळं करता येत नसे. एकदा तिने प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी गाडीने त्याला आणून सोडलं आणि तो खाटेच्या कडेवर बसून राहिला.

"अगं, पुरे आता."

"काय पुरे?"

"मशीन. डॉक्टरांना विचारलं मी. थांबवता येतं म्हणाले. हप्त्याभरात झोप लागल्यासारखं होतं, त्रास होऊ देत नाहीत."

ती टॉवेलची घडी घालत होती. पेन्शन एक तारखेला जमा व्हायची, त्या दिवशी माणूस हयात असला की महिना पुरा मिळायचा. तिच्या तोंडून विचार करण्याआधीच निघून गेलं.

"एक तारीख होऊन जाऊ दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "बरं. एवढी एक तारीख."

ती तारीख झाली. मग घरमालक नवा करार करणार होता, तेवढा होऊन जाऊ दे, असं झालं. मग थंडीत विजेचं बिल फुगलं. दर खेपेला तो विचारी, ती तारीख सांगे आणि तो मान हलवी. कर्जदाराने सावकाराला मुदत मागावी तसं सगळं, फक्त कोण कर्जदार ते कळत नव्हतं.

लेकीच्या कानावर ते त्यानेच घातलं. लेक हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे, वय अठ्ठावन्न, गुडघे गेलेले. तिच्या निवृत्तीचं वय दोनदा पुढे गेलं आहे. बसची वाट बघत उभं राहावं आणि कुणी येऊन स्टॉपच पुढे न्यावा तसं, असं ती म्हणते. ती सुट्टीच्या दिवशी आली आणि आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तू बाबांना अडवून ठेवलंयस?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. मी कुठे जाऊ ते सांग, लगेच सोडते."

लेकीने नळ सोडला. तिच्या एका खोलीत ती, नवरा आणि पंच्याऐंशीची सासू राहतात. आणखी एक खाट कुठे बसेल हे तिने मनातल्या मनात मांडून पाहिलं असावं. मग ती कपबश्या विसळू लागली.

मागच्या महिन्यात तो गाडीतून उतरतानाच ओकला. पायांत गोळे आले, ते सुटेनात. ती पोटऱ्या चोळत बसली आणि तिच्या लक्षात आलं की तो कण्हतसुद्धा नाही, नुसता छताकडे बघतोय. पुढच्या खेपेच्या सकाळी तिने त्याचे कपडे काढून ठेवले नाहीत.

"आज नका जाऊ," ती म्हणाली.

"का? तारीख झाली?"

"तारीख राहू दे. बास झालं. मी बघीन माझं. पोरीकडे जाईन, खाटेखाली पडून राहीन."

 खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"खाटेखाली तिच्या सासूचं भांडं असतं," तो म्हणाला. "शर्ट दे."

"अहो, मी खरंच सांगतेय."

"मीही. शर्ट दे."

ती जागची हलली नाही. तो भिंतीला धरून उठला, खुंटीवरचा स्वेटर उलटाच अंगात घातला आणि दाराशी गेला. तोवर ड्रायव्हर खुर्ची घेऊन जिन्यापर्यंत आला होता.

"काय काका, आज उशीर?"

"बायको सोडत नव्हती," लाइनमन म्हणाला.

ड्रायव्हर हसला आणि त्याने लाइनमनला खुर्चीत बसवलं. त्यानंतर तो विषय घरात निघालेला नाही. गाडी येते. तो जातो, आणि दुपारी परत येतो.