युसूफ वडगावच्या चुली

नगरहून निघताना शेजाऱ्यांनी बजावलं, "मोगलाईत चाललाय, जरा जपून." निजामाच्या मुलखाला आमच्याकडे अजून मोगलाईच म्हणतात. मी निघालो होतो अंबाजोगाईला, कुलस्वामिनीच्या दर्शनाला. पण वाटेत लागेल त्या गावाची माहिती काढायची, ही माझी जुनी खोड. वस्ती किती, गाव कुणी वसवलं, पाणी कुठलं, बाजार कुठल्या वारी. लोक कंटाळतात, पण सांगतात.

सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर (जकातनाक्यावर) माझं बोचकं सोडून पाहिलं. चहाची पुडी हुंगून तिथल्या माणसानं ती अदबीनं परत बांधून दिली. बीडला चांदभाईंची बैलगाडी ठरवली. चांदभाई पिकल्या दाढीचे, बोलायला मोजके आणि माझ्यापेक्षा बैलांची काळजी जास्त करणारे. पालीला बिंदुसरेवर त्यांनी बैलांना पोटभर पाणी पाजलं आणि मला म्हणाले, "तुमी बी पिऊन घ्या, पुढं घाट हाय." मांजरसुंब्याचा घाट चढताना मला उतरून चालावं लागलं. चैत्राचं ऊन डोक्यावर आणि रस्त्याला सावली औषधाला नाही.

केज सोडलं आणि चाकाची धाव (लोखंडी पट्टी) खडखडायला लागली. चांदभाईंनी उतरून पाहिलं.

"लई ढिली झाली. युसूफ वडगावला लोहार हाय, तिकडं वळू."

अशा रीतीनं, माझ्या मनात नसताना, मी युसूफ वडगाव पाहिलं. काळ्या रानात वसलेलं मोठं गाव, धाब्याची घरं, एक वेस, वेशीलगत गढीचा बुरूज. मारुतीचं देऊळ आणि मशीद हाकेच्या अंतरावर. हा युसूफ कोण, ते मी तिघांना विचारलं. एक म्हणाला अवलिया होता, दुसरा म्हणाला जहागीरदार होता. तिसरा म्हणाला, "गावाचं नाव हाय, त्यात इचारायचं काय?" इतिहास इथेच संपला.

चावडीवर तात्याराव पाटील भेटले. साठीचे, अंगानं रुंद, आवाज बसका. मी वस्ती विचारली.

"माणसं कशाला मोजता? माणूस आज हाय, उद्या न्हाई. उंबरे मोजा."

"आणि चुली? उंबऱ्याइतक्याच?"

"दुसऱ्याचं मला म्हाईत न्हाई," पाटील म्हणाले. "माज्या उंबऱ्याआत एकच हाय."

चावडीवरचे दोघेतिघे एकदम दुसरीकडे पाहायला लागले. एकानं उगीच खाकरून घेतलं. मी ते पाहिलं, पण अर्थ लागला नाही.

लोहाराकडे गेलो तर तो निवांत बसलेला. "आज भट्टी पेटत न्हाई, पाव्हणं. मारुतीचा भंडारा हाय. चूलबंद आवतन." म्हणजे घरटी एकाला नव्हे, तर अख्ख्या घराला आमंत्रण, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. आमच्याकडेही लग्नाकार्यात ही रीत आहे, पण इथे ती गावाला लागू. पंगती जातवार वेगळ्या बसतात, मशिदीकडच्या आळीचं वेगळं शिजतं. चूल विझण्याचा नियम मात्र सगळ्यांना एकच. दुपारी एक जण बुरुजावर चढतो, चहूकडे पाहतो, कुठेही धूर नसला की ओरडतो, "चुली इझल्या!" मग पहिलं पान वाढतात. थोडक्यात, गाव जेवल्याशिवाय माझं चाक हलणार नव्हतं.

दुपार झाली. गव्हाची खीर कढईत दाटत चालली, हरभऱ्याच्या आमटीचा वास वेशीपर्यंत आला. माणूस बुरुजावर चढला, आणि ओरडलाच नाही. खाली वाकून म्हणाला, "धूर हाय."

"कुणाचा बे?"

"पाटलाच्या घरामागनं येतोय."

सगळा घोळ मला बाबू न्हाव्यानं सांगितला. गावाला आवतण देत फिरायचं काम त्याचं. पाटलांचा धाकटा भाऊ ज्ञानोबा दिवाळीनंतर वेगळा निघाला होता. घरात मधे भिंत उभी राहिली, मागच्या बोळात नवं दार झालं. सगळ्या गावाला ठाऊक, पण पाटील ते मानायला तयार नव्हते. आई मरताना त्यांनी तिला शब्द दिला होता, मी असेपर्यंत घर फुटणार नाही.

"मग मी दोन आवतनं कशी द्यावी?" बाबू म्हणाला. "पाटलाच्या दारात एकच दिलं, दरसालासारखं. धाकल्या पाटलीणबाई म्हणाल्या, आमची चूल गावाला दिसत न्हाई, तर धूर तरी दिसू द्या."

बाबूनं पुन्हा जाऊन पाहिलं, तर ज्ञानोबाची बायको सरूबाई त्याला म्हणाली, "ज्याच्या तोंडून आवतन यायचं त्याच्या तोंडून येऊ द्या."

मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. पोटात कावळे कोकलत होते, पोरं रडकुंडीला आली होती आणि सारं गाव एका बाईच्या धुरासाठी ताटकळलेलं. कुणीतरी म्हणालं, वाढायला घ्या, मारुतीला काय कळतंय. त्यावर एक म्हातारी कडाडली, "त्याला न्हाई कळत तर भंडारा कावून (का) करता?" पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

पाटील देवळाच्या पायरीवर बसून होते. पटका काढून गुडघ्यावर ठेवलेला. भावाच्या दारी आवतण द्यायला गेलं तर आईला दिलेला शब्द सगळ्या गावासमोर मोडणार. न गेलं तर गाव उपाशी आणि भाऊ कायमचा तुटणार. त्यांच्याकडे पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला.

शेवटी ते उठले. पटका बांधला, बाबूच्या हातातलं कुंकवाचं ताट घेतलं आणि बोळाकडे चालू लागले. आम्ही अंतर ठेवून मागे. नव्या दारासमोर ते थांबले. उंबरा ओलांडला नाही.

"ज्ञानोबाच्या..." म्हणून त्यांनी ताट नीट धरलं. मग पुन्हा, चांगला खणखणीत: "ज्ञानोबाच्या घरी सांगावा हाय. मारुतीचा भंडारा. चूलबंद या."

ज्ञानोबा दारात आला, तो थोरल्याच्या पायांकडे पाहत उभा. थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची रीत नाही, म्हणून सरूबाई आडोशामागूनच नवऱ्याला म्हणाली, "इचारा त्यांना, आत येऊन पाणी घेतील का?"

पाटलांनी उंबरा ओलांडला. आतून विस्तवावर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला आणि घटकाभरात बुरुजावरून हाळी आली, "चुली इझल्या!"

मी पाटलांच्या जवळच जेवायला होतो. भाकरी मोडता मोडता ते मला म्हणाले, "पाव्हणं, मगाशी चुकीचं सांगितलं. माज्या उंबऱ्याआत दोन हायत." गाव खुशीत जेवत होतं, मला मात्र खीर गोड लागेना. ज्ञानोबा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होता.

उतरत्या उन्हात भट्टी पेटली, धाव बसली. अंबाजोगाईला दर्शन झालं. परतताना चांदभाई न विचारता वडगावकडे वळले. "पाटील काय म्हणतात, बघू की," म्हणाले. त्यांनाही चैन पडत नव्हतं तर!

सांजवेळ होती. पाटलांच्या घरावर दोन धूर दिसत होते. थोरल्या पाटलीणबाई गोवरीचा तुकडा घेऊन ज्ञानोबाच्या दारातून बाहेर येत होत्या, वर लाल विस्तव. मी पाटलांना म्हटलं, "घरात काडीपेटी नाही?"

"हाय की! पर काडीपेटी घरातल्या घरात पेटते," पाटील म्हणाले. "इस्तू (विस्तव) मागायला गेलं की इचारता येतं, पोराचा ताप उतरला का, बैल खातोय का. आज आमी मागतो, उद्या त्ये मागत्याल. आईला दुसरं काय पायजे व्हतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं.

नगरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मागच्या उन्हाळ्यात नळावरून काही बिनसल्यापासून त्या बजावणाऱ्या शेजाऱ्यांशी आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "काय, कशी आहे मोगलाई?" मी हात हलवून आत गेलो. बायको चुलीत फुंकर घालत होती. निखारे केव्हाचे राख झालेले. "ती कोनाड्यातली काडीपेटी द्या हो," ती म्हणाली.

काडीपेटी भरलेली होती. मी गोवरीचा तुकडा उचलला आणि शेजारी गेलो.