सरदाराचा आवाज

लग्नाची सुपारी घेऊन कोणी आलं, की ते आधी घोडीच्या मानेवर तळहात ठेवायचे. समोरचा माणूस चुळबुळ करू लागेपर्यंत तसेच उभे राहायचे. मग म्हणायचे, "हो म्हणून राहिली." कधी मान हलवायचे, "त्या दिवशी मन नाई तिचं." मग नवरदेवाचा बाप कितीही मोठा असो, विषय तिथंच संपायचा.

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात किंवा सौंसरला तुमच्या घरचं लग्न झालं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं आहे. बँडच्या मागे, पांढऱ्या घोडीचा लगाम धरून चालणारा उंच, काळा माणूस. घरोघरच्या फोटोंत नवरदेवाच्या बाजूला त्यांचा अर्धा खांदा आलेला असतो. आम्ही त्यांना घोडीवाले भाऊ म्हणत असू. नंतर लोक त्यांना वेगळ्याच नावानं हाक मारू लागले. ते नाव कसं पडलं याची जी गोष्ट गावात सांगतात, ती खरी नाही. खरी मला माहीत आहे.

आमच्या गल्लीत लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला आहे, माझाच जुना विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी त्यानं काऊबॉयचं पिच्चर काढायचं मनावर घेतलं. उन्हाळ्यात जाम नदीत गोट्यांशिवाय काही उरत नाही. त्याच्या मते अमेरिका यापेक्षा वेगळी नसते. मी निवृत्त मास्तर. नागपूरला शिकताना असले सिनेमे बरेच पाहिलेले. संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हरखून गेलो. निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही, हे तुमच्यातल्या माझ्या वयाच्यांना सांगायला नको.

टोप्या जामसांवलीच्या मंदिराबाहेरच्या दुकानांतून आणल्या. पिस्तुलं दिवाळीतली, टिकल्यांची. कॅमेऱ्यात संत्र्याचं झाड दिसता कामा नये, असा माझा हट्ट होता, आणि आमच्या भागात संत्र्याचं झाड टाळून कॅमेरा लावणं म्हणजे दिवसभराचं काम. घोडे मात्र मिळेनात. शेवटी वरातीची घोडी आली आणि तिच्यासोबत भाऊ.

पाठलागाच्या दिवशी व्हिडिओवाल्यानं वातावरण यावं म्हणून स्पीकरवर जोशातलं संगीत लावलं. घोडीनं मान वर केली आणि नाचू लागली. हिरो टाचा मारतोय, ती जागच्या जागी पाय आपटतेय. संगीत बंद केलं तर ती वरातीच्या चालीनं चालली, दर वीस पावलांवर थांबून. भाऊ खाली मान घालून हसत होते. मग म्हणाले, "गुरुजी, आजपर्यंत तिनं नवरदेवच नेले. पळून जायचं तिले कोनी शिकवलंच नाई."

पुढे तो पाठलाग कॉम्प्युटरवर वेगात पळवला.

रेड इंडियन सरदाराच्या भूमिकेसाठी नाटक मंडळीतला एक जण ठरला होता, तोंडाला काजळी फासून. तो ऐनवेळी आलाच नाही. व्हिडिओवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि भाऊंना म्हणाला, "तुम्हीच उभे राहा नं काका. तुमाले काजळी लावायचंही काम नाही." सगळे हसले. मीही हसलो. भाऊ गोंड आहेत हे आम्हाला माहीत होतं, आणि आमच्या लेखी त्यामुळं काम सोपंच झालं होतं. डोक्याला कोंबड्याची पिसं बांधली तेव्हा ते हळूच मला म्हणाले, "आमच्यात असं कोनी घालत नाई, गुरुजी." मी सांगितलं, सिनेमात घालतात. त्यांनी घातलं.

सरदाराला एकच संवाद होता. गोरे लोक नदी ताब्यात घ्यायला येतात, तेव्हा तो त्यांना पाणी प्यायला सांगतो आणि परत जायला सांगतो. कागदावर मी ते हिंदीत लिहिलं होतं. भाऊंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हेच माझ्या बोलीत म्हणू का?" ऊन चढत होतं, वाद घालायला कोणाला वेळ नव्हता. म्हणा, म्हटलं.

ते नदीत उरलेल्या एका डोहाच्या काठी उभे राहिले आणि बोलले. आवाज चढवला नाही. माझा कागद छोटा होता. त्यांचं बोलणं त्याहून लांब झालं. टेक नीट यावा म्हणून तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा झाल्यावर हिरो झालेला पोरगा त्यांना टोपी काढून पाणी देऊन आला.

त्या दिवसानंतर भाऊ बदलले, असं मला वाटलं. रामाकोना गावातल्या एका वरातीत भेटले तेव्हा पिच्चर कधी लागणार, हेच विचारत होते. डोंगराकडच्या गावात त्यांची थोरली बहीण होती. आईवडील लहानपणीच गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. तिला गोंडीशिवाय फारसं काही येत नव्हतं. "तिले सांगितलं, पडद्यावर आपली बोली ऐकू येईन," ते म्हणाले. "ती म्हणते, खोटं बोलून राहिला तू."

आता ते सांगतो, जे आजवर सांगितलं नाही.

नदीवर फोनमध्ये भरलेले आवाज वाऱ्यानं खराब झाले होते, म्हणून सगळे संवाद व्हिडिओवाल्याच्या दुकानात पुन्हा भरायचे ठरले. भाऊंची बाहेरगावी वरात होती. व्हिडिओवाला म्हणत होता, दोन दिवस थांबू, त्यांना येऊ द्या. मीच म्हणालो, कशाला? कोणाला समजणार आहे ते? असल्या सिनेमात सरदार कसे बोलतात ते मला माहीत आहे. आणि माईकसमोर जाऊन मी "हुंबा हुंबा हुर्रर्र" असं काहीतरी ओरडलो. दुकानातली पोरं हसून लोळली. मला बरं वाटलं. वर्गात इतक्या वर्षांत मी कोणाला असं हसवलं नव्हतं. मी अजून दोनदा करून दाखवलं, त्यातलं सगळ्यांत मोठं ठेवलं.

पहिला खेळ सौंसरला मंगल कार्यालयात झाला, पांढरी चादर ताणून. असा प्रेक्षक मी पाहिला नाही. अर्धे पांढुर्ण्याचे, अर्धे सौंसरचे, आणि आमच्या लोकांना कोणतीही लढाई दिसली की बाजू घ्यायची सवय. एका पिस्तुलातून टिकल्यांची लाल पट्टी लोंबत होती, मागून कोणी ओरडलं, "टिकली संपली बे त्याची, पळ." पाठलाग सुरू झाला तर बायका म्हणाल्या, अगं ही तर आपल्या पिंट्याच्या वरातीतली घोडी. हिरोची टोपी उडाली, टाळ्या. हिरो मेला, त्याहून जास्त टाळ्या.

भाऊ पुढच्या सतरंजीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा. बाजूला बहीण, मुलगी, गावचे आणखी काही लोक, सगळे एका जीपमध्ये आलेले. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, एवढा मोठा, तेव्हा ती सगळी माणसं ताठ बसली. बहिणीनं डोक्यावरचा पदर कानामागे सारला.

मग माझा आवाज आला.

हॉल कोसळला, दुसरा शब्द नाही. शिट्ट्या, पाय आपटणं, पोरं खुर्च्यांवर. वन्स मोअरचा गलका झाला आणि व्हिडिओवाल्यानं ते पुन्हा लावलं. बहीण भाऊंकडं वळून काहीतरी विचारत होती. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. तिनं पदर परत पुढे ओढला.

बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, आता शिव्या. माझा आवाज त्यांनी ओळखला होता. वर्षानुवर्षं शाळेच्या फाटकाबाहेरून तो ऐकत आलेले. पण ते एवढंच म्हणाले, "बहीण विचारून राहिली होती, हे कोन बोललं म्हणून. म्या सांगितलं, मीच."

मी विचारलं, असं कशाला सांगितलं?

"दुसऱ्यानं माझ्या तोंडात घातलं, हे सांगायची जास्त लाज वाटली, गुरुजी."

तो तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. वरातीत पोरं म्हणायची, हुंबा काका, एकदा होऊन जाऊ द्या. सौंसरच्या एका लग्नात मी पंगतीत बसलो होतो तेव्हा त्यांनी ते करून दाखवलं, हसत, लगाम हातात धरून. माझीच नक्कल होती ती. शेजारचा पाहुणा मला म्हणाला, मोठा नमुना आहे हा माणूस. मी वरण वाढून घेतलं. पुढच्या मोसमात घोडीसोबत भलताच कोणी येऊ लागला. भाऊ बहिणीच्या गावी निघून गेले होते. त्यांचा मूळ आवाज परत लावता येईल का, असं मी व्हिडिओवाल्याला विचारलं, तेही फार उशिरा. फोनची जागा भरली म्हणून त्यानं ते केव्हाच पुसलं होतं.

भाऊ वारल्याचं मला बाजारात कळलं. त्यानंतर मी त्या गावी गेलो. बहीण अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती, भाऊंची मुलगी घरातच होती. मी मुलीला सांगितलं, तुझे वडील पिच्चरमध्ये ते बोलले नव्हते. तो आवाज माझा होता. ते नदीवर तुमच्या बोलीत बोलले होते, चांगलं बोलले होते. मग तिनं ते सगळं आत्याला गोंडीत सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले. ती थोडंच बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मग तो काय बोलला होता ते सांगा."

मी मराठीत सांगू लागलो, की पाणी प्या आणि परत जा, असा त्याचा अर्थ. मुलगी गोंडीत सुरुवात करणार, तेवढ्यात म्हातारीनं हात वर करून तिला थांबवलं. तिला अर्थ नको होता. त्याचे शब्द हवे होते.

नदीवर मी भाऊंपासून हाकेच्याही आत उभा होतो. तीनदा ऐकलं होतं. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एक शब्दही आला नाही. म्हातारी माझ्या तोंडाकडं पाहत बसून राहिली.