दुसऱ्या पानावर मेलेली नायिका

मला राग पटकन येतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या माणसावर येतो. पण माझं निम्मं लेखन त्या रागावरच उभं आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. दुष्काळी माण तालुक्यातून सांगलीला नोकरीला आले तेव्हा प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने चिडवलं, की तुम्ही माणची माणसं पाण्याशिवाय दुसरं काही बोलतच नाही. त्याच आठवड्यात मी कथेत आमच्या म्हसवडला समुद्र आणला. तिथली माणसं चार दिवस खूश असतात आणि पाचव्या दिवशी माशांच्या वासाची तक्रार घेऊन दहिवडीच्या तहसील कचेरीत जातात. ती कथा एका दिवाळी अंकात छापून आली आणि मी विज्ञानकथा लेखिका झाले.

पोटापाण्याचं काम वेगळं. साठवलेल्या मालाला कीड का लागते आणि कधी लागत नाही, यावर मी पंचवीस वर्षं संशोधन करते आहे. कथा लिहायच्या त्या घरी आल्यावर. उपग्रहाने सांगितलेल्या दिशेला चरायला निघणारी मेंढरं, उसाच्या पाचटावर उडणारं यान, असलं बरंच काही लिहून झालं. शास्त्रज्ञ मंडळी मला ‘अजून गोष्टी लिहिता का?’ असं विचारतात, जुना खोकला अजून आहे का म्हणून विचारावं तसं. लेखक मंडळी कार्यक्रमांना बोलावतात, आणि माइक बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात.

माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. माझी प्रत्येक कथा ते वाचतात आणि दर वेळी एकच विचारतात, “समदं झ्याक हाय. पर ह्या लोकांचं रेशन कुठनं येतंय?” मी कितीही लांबच्या ग्रहावर गेले तरी हा प्रश्न माझ्याआधी तिथे पोचलेला असे. शेवटी वैतागून मी रेशनवरच कथा लिहायला घेतली.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, घागरीच्या आकाराचा खड्डा. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं आणि पोट ऐसपैस. हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि किडा जगत नाही. महापुरांनी बरीच पेवं खाल्ली, थोडी अजून वापरात आहेत. त्यांतली हवा तपासायला मी नेहमी जाते. माझ्या नव्या कथेत एका दूरच्या ग्रहावर, जिथली हवा आपल्यासारखीच आहे, पहिल्या वसाहतीने बियाणं पेवात ठेवलेलं असतं. नायिका पॅराशूटने उतरते, मागून वादळ येत असतं, ती पेवाचं झाकण उखडते आणि थेट आत उडी मारते. पुण्याचे संपादक त्या उडीवर फिदा झाले होते. चार दिवसांत पक्की प्रत पाठवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हरिपूरला एक पेव उघडायचं होतं. पेव सकाळी उघडलं तरी उतरायला दुपार होते, आतली हवा बदलू द्यावी लागते. तेवढा वेळ करायचं काय? कथा पिशवीत होतीच. चाळीस वर्षं पेवात उतरणारे एक मामा तिथे मुकादम आहेत. त्यांना आणि त्यांच्या हमालांना मी कथा वाचून दाखवायला लागले. मामा डोळे मिटून ऐकत होते. नायिकेने उडी मारली आणि मामांनी डोळे उघडले.

“मेली की,” ते म्हणाले.

“कोण?”

“तुमची पोरगी. आवं म्याडम, पेव आत्ता उघाडलं आन्‌ ही लगीच आत? कवाच मेली ती. फुडचं कशाला वाचताय?”

मी चिडले. “मामा, ती दुसऱ्या ग्रहावर आहे.”

“आसंल. पेव त्ये पेवच हाय न्हवं?”

हमाल खदाखदा हसले. माझ्या एका हातात कथा होती आणि दुसऱ्या हातात त्याच पेवातली हवा ओढायची नळी. त्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर माझे शोधनिबंध आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या हातात होता. मामा मात्र हसत नव्हते. “माझ्या चुलत्यानं आशीच घाई केलती,” ते म्हणाले. “चौघांनी उचलून वर काढला. पोरीला मारू नगा.” माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला मनापासून लाज वाटली.

घरी येऊन संपादकांना फोन केला, की नायिकेला पाच-सहा तास थांबावं लागेल. ते म्हणाले, “मॅडम, कथा झोपेल हो! थोडं स्वातंत्र्य घ्या की.” मी म्हटलं, म्हसवडला समुद्र आणण्याएवढं स्वातंत्र्य मी घेते, पण हिच्या फुप्फुसांशी खेळणार नाही. बोलायला सोपं होतं. थांबली तर वादळात मरते, उतरली तर पेवात मरते. प्राणवायूची नळकांडी द्यावी, तर ती कुठून आली हे वडील विचारणार. दोन दिवस मी नुसती घरात येरझाऱ्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी तपासणीचं काही काम नसताना हरिपूर गाठलं. मामा पोती शिवून घेत होते. मी सरळच विचारलं, “मामा, लयच घाई असली तर काय करता?”

“घाई करायचीच न्हाई.”

“पण वादळ आलंय.”

मामांनी विचार केला. “मग घोंगडं दोरीला बांधायचं आन्‌ खाली-वर, खाली-वर हापसायचं. आतली हवा ढवळती, वर निघती. मग कंदील सोडायचा. इझला तर पुन्यांदा हापसायचं.”

घोंगडं! नायिकेकडे अख्खं पॅराशूट होतं, वादळात फडफडत पडलेलं. मला इतका आनंद झाला की मी मामांचे दोन्ही हात धरले. तिथेच पोत्यांच्या थप्पीवर बसून मी ते पान नव्याने लिहिलं. विज्ञानही चोख आणि कथाही पळती, म्हणून स्वतःवर खूश होऊन मोठ्याने वाचायला लागले. नायिकेने पॅराशूटचं कापड दोरीला बांधलं, हात सोलपटेपर्यंत हापसलं. “थोड्या वेळाने तिने दिवा खाली सोडला. ज्योत जळत राहिली. ती आत...”

“थांबा,” मामा म्हणाले.

“आता काय?”

“थोडा म्हंजे किती? तुमी आपल्या भसाभसा वाचत सुटलाय. ज्योत नीट ऱ्हाती का बघू द्या की तिला.” आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मी कागद मांडीवर ठेवून बसले. एका हमालाने हळूच विचारलं, “मामा, वादळ हाय न्हवं मागं?” मामा म्हणाले, “आसू दे.” चहा आला. तो गरम होता, फुंकून फुंकून प्यावा लागला. पंचवीस वर्षांत माझ्या कथा लोकांनी वाचल्या, काहींनी नावाजल्या, पण मी जन्माला घातलेल्या माणसाच्या जिवाला कुणी असं जपलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले आणि हसूही आलं. संपादकांना काय वाटेल याची मला तेव्हा काडीची फिकीर नव्हती.

मामांनी कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “व्हय, आता उतरवा पोरीला. जपून.”