वेखंडाचा वास

स्कूटर गगनबावड्याच्या रस्त्याला लागली तशी मी पुन्हा एकदा दरडावलं, "आजीसमोर खोलीचं काही बोलायचं नाही. पलंगाचं नाही, कपाटाचं नाही." पुढे उभा असलेला धाकटा लगेच "नाही" म्हणाला. मागे मला घट्ट धरून बसलेली सहा वर्षांची मुलगी गप्प होती, आणि मला धास्ती तिचीच होती. तिच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

खुबा मोडल्यावर सासूबाईंना आम्ही वृद्धाश्रमात ठेवलं ते "चालायला लागलात की घरी" असं सांगून. त्या चालायला लागल्याच नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि नवऱ्याने ठरवून टाकलं, आई आता तिथेच राहील. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? दोघांच्या नोकऱ्या, त्यांना उचलून बसवायला घरात कोणी नाही. पण हे त्यांना सांगायचं कोणी? "सांगू योग्य वेळी," म्हणत हा बाबा दर रविवारी नेमकं काहीतरी काम काढायचा आणि पोरांना माझ्या गळ्यात घालून मला पुढे करायचा. त्यात गेल्या आठवड्यात मुलीला त्यांची खोलीही देऊन झाली. मला संताप यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. घरी जायची वाट बघत बसलेल्या बाईला घर सुटल्याचं नातवंडांच्या तोंडून कळावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

सासूबाई वेणीफणी करून खाटेवर टेकून बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींना म्हणाल्या, "आली बघा माझी फौज." मग मुलीकडे वळल्या. "शाळंत काय झालं सांग बघू."

"काही नाही."

"मैत्रिणीसंगं भांडलीस व्हय?"

"नाही."

एरवी ही पोरगी आजीपुढे आठवड्याचा पाढा वाचते. आज प्रत्येक उत्तराआधी ती माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी मोर्चा धाकट्याकडे वळवला.

"तू सांग रं वाघा. घरी काय नवीन?"

"ताईचा पलंग..."

मी हातातलं सोललेलं केळं त्याच्या तोंडात कोंबलं. "खा आधी."

"अगं, गुदमरंल की त्ये," सासूबाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी मुलीला जवळ ओढलं, तिच्या खांद्यावर तोंड टेकवलं आणि तशाच राहिल्या.

त्यांच्या लोखंडी कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी असायची, साड्यांना कसर लागू नये म्हणून. तो उग्र वास आमच्या घरात दुसऱ्या कशालाच नव्हता. मुलीचा फ्रॉक मी सकाळी त्याच कपाटातून काढला होता. पोरांची तोंडं बांधायच्या नादात हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यांनी फ्रॉकची बाही नाकाशी धरली आणि पुन्हा एकदा वास घेतला.

"माझ्या साड्या कुठं ठेवल्यास गं?"

"माळ्यावर. बॅगेत."

"वेखंड घातलंस न्हवं?"

"नाही, आई."

"मग कसर लागंल की."

शेजारच्या आजींनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मुलगी एकदा सासूबाईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि एकदम तिला रडू फुटलं. "मी नाही सांगितलं! मम्मी, मी काहीच नाही सांगितलं!"

"न्हाय गं माझी बाय, तू न्हाय सांगितलंस." सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पण डोळे माझ्यावर होते. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"पुढच्या रविवारी साड्या हितं येऊ देत," त्या म्हणाल्या. "आन् तू आणू नकोस. त्याला घिऊन यायला लाव."