दोन्ही हेडफोन मला सारखेच वाटले

मंडळी, आज पळसदरीला सुधीरकडे दोन भारी, मागे जाळी असलेले ओपन-बॅक हेडफोन आलटून पालटून ऐकले. गाणं एकच, भजनाचं रेकॉर्डिंग.

पखवाज दोन्हींत सुरेख. "पण दुसऱ्यात झांजा कसल्या बोचतात रं!" सुधीर म्हणाला.

मला काहीच फरक कळेना. वहिनींनी दुसरा कानाला लावला आणि लगेच काढला. "भावजी, सुई टोचल्यागत होतंय. तुमाला नाय जाणवत?"

नाही जाणवलं.

वीस वर्षं खालापूरच्या कारखान्यात पत्रा ठोकणारा धडधडता प्रेस चालवला. इअरप्लग आम्ही गळ्यात लटकवायचो. मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा ना! तो सगळ्यांत आधी मला कळायचा. त्याच कानांच्या जोरावर या ग्रुपवर हेडफोनबद्दल लिहायला लागलो.

कितीदा लिहिलं मी, "वरचे स्वर मऊ आहेत, तासन् तास ऐका." ते मऊ नव्हतेच. मला ऐकू येत नव्हते. आणि गेलेले कान काही परत येत नाहीत.

माझं वाचून ज्यांनी हेडफोन घेतले, त्यांनी आज खरं सांगा. झांजा बोचतात ना?