साडेसात फुटांतली लिफ्ट

बाबांच्या गाडीसाठी लिफ्ट शोधायचं ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात माझ्याइतकं रिकामटेकडं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मोजपट्टीचं एक टोक धरायचं काम माझ्याकडे आलं. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही पार्ल्यात दोन मजली इमारतीत तळमजल्यावर राहायचो, आणि त्याच इमारतीच्या पोटात, वरच्या काकूंच्या खोलीखाली, आमचं गॅरेज होतं. मुळात ती लाकडं-कोळसा ठेवायची खोली. छत जेमतेम साडेसात फूट.

गाडी बाबांच्या लग्नाआधीची. दर रविवारी ते तिच्याखाली आडवे व्हायचे आणि जेवायच्या वेळी काळेकुट्ट होऊन बाहेर यायचे. गाडी बरी असली तरी उघडायचे, कारण उघडल्याशिवाय ती बरी आहे हे कळणार कसं! त्या पावसाळ्यात मात्र ते आत गेले आणि बाहेरच येईनात. मणक्यातली चकती सरकली होती. मी आणि काकूंनी एकेक पाय धरून त्यांना ओढून काढलं. डॉक्टर म्हणाले, बसा, उभे राहा, चाला, पण जमिनीवर सरपटणं आता बंद. गाडी तर तेव्हा दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला तयार नव्हती, आणि परक्या मेकॅनिकने तिला हात लावणं म्हणजे बाबांना स्वतःचा अपमान वाटायचा.

आईने ही संधी सोडली नाही. तिचा शिवणक्लास बाहेरच्या खोलीत भरायचा. आठ मुली, दोन मशीनं, आणि चहाच्या कपातसुद्धा दोऱ्याचे तुकडे. तिने गॅरेज आधीही मागितलं होतं. बाबा "बघू बघू" म्हणून विषय बदलायचे. आता ती सरळ म्हणाली, "अहो, दसऱ्यापर्यंत थांबते. तोवर गाडीखाली न झोपता गाडी नीट करून दाखवा. नाही जमलं तर ती विकायची आणि गॅरेज माझं."

मी अर्थातच बाबांच्या पक्षात. मला गाडी चालवायला शिकायचं होतं आणि क्लासात काजं करत बसणं टाळायचं होतं.

बाबांची पहिली पसंती पेट्रोल पंपावर असते तसल्या लिफ्टला. जमिनीतून जाडजूड खांब वर येतो आणि गाडी माणसाच्या डोक्यावर जाते. घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या सर्व्हिस स्टेशनात त्यांनी एक हेरूनही ठेवली होती. मी कागदावर गणित मांडलं. गाडी चार फूट दहा इंच, तिच्याखाली बाबा साडेपाच फूट. गाडीचं टप थेट काकूंच्या सोफ्याच्या पाठीपर्यंत पोचत होतं. "काकूंना विचारून बघायचं का?" मी म्हटलं, तर बाबा क्षणभर खरंच विचारात पडले.

मग चेन-पुलीची टूम निघाली. छताच्या तुळईत हूक ठोकायचा आणि साखळीने गाडीचं तोंड उचलायचं. काकूंना कसा वास लागला कोण जाणे, पण त्या खाली आल्या आणि छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे बघा, बरोब्बर ह्याच्यावर माझा देव्हारा आहे. खाली तुमची गाडी लटकणार आणि वर माझे देव हलणार. चालणार नाही हां!" त्यानंतर खड्डा खणून पाहिला. दीड फुटावर पाणी लागलं. तो बुजवला.

भाद्रपद संपत आला तरी काही ठरेना. आई अधूनमधून गॅरेजच्या दारात उभी राहून भिंती न्याहाळायची. बाबांचा तेवढ्यानेच जीव वरखाली व्हायचा.

शेवटी कुणीतरी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरचा पत्ता दिला. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी साडेसात फूट हा आकडा चोरट्यासारखा हळूच सांगितला. तो माणूस हसला.

"साहेब, पंपवाली विसरा. तुम्हाला कैचीवाली पाहिजे."

त्याने दाखवली. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांच्याखाली घडी होणारे तिरपे दांडे, आणि बाजूला हातपंप. पंपाचा दांडा मारत राहायचं, पट्ट्या गाडीला पोटाखाली दोन्ही बाजूंनी धरून वर येतात. मधली जागा मोकळी. पण सगळी मिळून तीन फुटांच्या वर जात नव्हती.

"तीन फुटांत काय होणार यार?" बाबा हिरमुसले.

"उभं कशाला राहता? डॉक्टरने बसायला तर सांगितलंय ना? मग बसा."

 घरी येऊन मी बाबांना स्वयंपाकघरातल्या पाटावर बसवलं आणि मापलं. पाटासकट दोन फूट अकरा इंच. एक इंच शिल्लक! केस विस्कटले तर पाऊणच, म्हणून बाबा त्या दिवसापासून डोक्याला तेल चोपडायला लागले. गाडी पूर्ण वर नेली की टप आणि छत यांच्यात दोन इंच उरत होते. त्यासाठी दिवा काढून भिंतीवर लावला. घटस्थापनेला जमिनीत वीतभर खळगा केला, म्हणजे मिटलेली लिफ्ट त्यात बसेल आणि गाडी तिच्यावरून आत येईल. अष्टमीला लिफ्ट बसली. झकास बसली.

पण गिअर अजून तसाच होता, आणि आईने मुलुंडचं एक गिऱ्हाईक मुक्रर करून ठेवलं होतं. ते गृहस्थ नवमीला संध्याकाळी येऊन गाडी बघणार होते. गाडी कशीही असली तरी चालेल, पण दसऱ्याला सकाळी नऊच्या आत दारात हवी, नाहीतर त्यांनी दुसरी एक बघून ठेवलेली होती. इथे मला युक्ती सुचली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात. आईचं मशीन, कात्री, बाबांचे पाने, पक्कड, हातोडी, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. ह्या बाबतीत आई फार कडक. एका बाईंचा दसऱ्याला घालायचा ब्लाउज एका हुकासाठी अडला होता, बाई रडकुंडीला आल्या होत्या, तरी तिने सुई उचलली नव्हती.

नवमीच्या सकाळी मी बाबांकडून गाडी पार छताजवळ नेववली, पंपाचा दांडा काढला, घासूनपुसून लख्ख केला आणि पान्यांच्या शेजारी आईपुढे मांडला. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी इतका वाकून नमस्कार केला की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

संध्याकाळी मुलुंडकर आले. गॅरेजमध्ये मान वर करून उभे राहिले.

"ही खाली घ्या की साहेब. बघूया."

बाबांनी चेहरा शक्य तितका गरीब केला. "दांडा पूजेत आहे हो."

गृहस्थ मूळचे मालवणकडचे. त्यांनी लगेच हात जोडले. "अरे देवा! नवमीक हत्यारांक हात लावूचो नाय. माझ्या लक्षातच नाय रव्हला." मग आईकडे वळून, "वहिनी, उद्या सकाळी गाडी खाली आली की फोन करा. आठपर्यंत वाट बघतंय, नायतर ती दुसरी घेतंय." आणि ते गेले.

आठच्या आत आईची उत्तरपूजा कधीच होत नसे, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही. फाटक लागल्याबरोबर मी जी हसत सुटले ती बाबांना टाळी देऊनच थांबले. आई दारातच होती. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही.

"महिनाभर तुम्ही दोघं ह्यांच्या पाठीसाठी हिंडलात," ती म्हणाली. "घाटकोपर झालं, चारकोप झालं. मी सोळा वर्षं फरशीवर गुडघे टेकून कापड कापतेय. माझी पाठ कुणी बघितलीत? मुली कुठेही बसतात गं. मला एक उंच टेबल मांडायचं होतं. ते त्या खोलीत मावत नाही, म्हणून गॅरेज मागत होते."

आणि ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या पसरलेल्या कापडाला वळसा घालून मी रोज कॉलेजला जायचे. उठताना ती एक हात भिंतीला लावते आणि एक कमरेवर ठेवते, हे रोज बघायचे. बाबांचं मात्र पाटासकट माप घेतलं होतं, पाव इंचाच्या फरकाने. बाबा पाटावर गाडीखाली जाऊन बसले. हातात पाना नव्हता, नुसतेच बसले. तिथूनच म्हणाले, "सोळा नाही, सतरा. तुझ्या जन्माच्या दोन वर्षांनी मशीन घेतलं तिने."

दसऱ्याला सकाळी सहाला बाबांनी अंघोळ केली आणि उत्तरपूजा स्वतःच उरकली. दांडा बसवून गाडी खाली घेतली आणि काकूंकडे जाऊन मुलुंडला फोन केला. मी जिन्यातच अडवलं, "बाबा, अजून विचार करा ना." ते म्हणाले, "विचार सतरा वर्षं करायला हवा होता." साडेसातला ते गृहस्थ दुसऱ्या गाडीला दोर बांधून आले. बाबांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, गाडी ओढत फाटकाबाहेर नेली. बाबा कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे चालत गेले. मी रडले, ते आईने बघितलं.

लिफ्ट कोण घेणार? ती जमिनीत बसवलेली. दुपारी बाबांनी माळ्यावरून जुन्या पलंगाच्या फळ्या काढल्या, पट्ट्यांवर आडव्या टाकल्या, वर चादर ताणून बसवली आणि आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. तिने वाकून फळीला हात लावला. जेमतेम घोट्याइतकीच होती.

"किती वर घेऊ?" बाबांनी विचारलं आणि दांडा मारायला लागले.

आई फळीला लागून उभी राहिली. फळी तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, मांड्यांपर्यंत आली, कमरेपर्यंत आली. तिने दोन्ही तळवे टेकवले, कोपर वाकवून बघितलं. "जरा जास्त झालं." बाबांनी खाली घेतलं. "आता फारच खाली गेलं हो." त्यांनी वर घेतलं. "अर्धा इंच." घेतलं. "नाही, पाव." माझ्या लक्षात आलं की माप केव्हाच बरोबर झालं होतं. बाबांच्याही आलं असावं. पण ती सांगत राहिली आणि ते घामाघूम होऊन दांडा मारत राहिले, आणि एकदाही "बास का?" असं म्हणाले नाहीत.